साडेएकतीस इंचांचा ओटा

दापोडीच्या एसटी वर्कशॉपात बॉडी शॉपला मी ३४ वर्षं काढली. पत्रा लावायचा, रिव्हेट मारायचे, खालची फळी बसवायची आणि गाडी चाचणीला निघाली की कुठे काय वाजतंय ते कान देऊन ऐकायचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी व्हर्नियर, गुण्या, ओळंबा अशी मापाची हत्यारं काढून बसलो तर दचकू नका. स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा जवळ एवढंच शहाणपण होतं. त्यातलं बरंच कामी आलं. काही ठिकाणी तोंडावर पडलो, तेही लिहितो.

काम २०२४च्या दिवाळीनंतर सुरू केलं. नवं स्वयंपाकघर पहिल्या महिन्यात कुणालाही आवडतं, म्हणून लिहायला मुद्दाम थांबलो. आता एक पावसाळा, एक गौरी-गणपती आणि साधारण ३० किलो ज्वारी त्यातून गेली आहे.

ट्रॉलीवाल्याचं नाव घालत नाही. त्याच्याबद्दल दोन कडू गोष्टी लिहायच्या आहेत, आणि त्या मी त्याच्या तोंडावर बोलून मोकळा झालो आहे. त्याच्यासारखी दुकानं आमच्या पिंपरी-चिंचवडात गल्लोगल्ली आहेत: पुढे सहा बाय आठचा काउंटर, मागे कटर आणि भुशाचा ढीग, भिंतीवर ट्रॉल्यांचे नमुने. तशा दुकानाकडून काम करून घेणाऱ्याने हे वाचावं.

घर जुन्या सांगवीत, इमारत १९९४ची. ओटा कडप्प्याचा, खाली कडप्प्याचेच दोन कप्पे, आणि पुढे स्प्रिंगवर ओवलेला फुलाफुलांचा पडदा. पडद्यामागे डबे, डब्यांमागे डबे, आणि त्यांच्यामागे काय आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. काम काढायच्या आधी सगळं बाहेर ओढलं तेव्हा चार सांडश्या, लग्नात आलेला न उघडलेला लेमन सेट आणि माझ्या आईचा हरवला म्हणून घोषित झालेला पितळी अडकित्ता सापडला.

हे सगळं असंच चाललं असतं. पण २०२३ मध्ये बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि तेव्हा कळलं की आमचं स्वयंपाकघर उकिडव्यावरच चालत होतं. विळी खाली, तांदळाची कोठी खाली, कुकर खालच्या कप्प्यात, परात त्याच्याही मागे. सहा महिने मी स्वयंपाक केला. भाकरी मला जमत नाही. ती तिने उभ्यानेच थापली, बाकी सगळं माझ्याकडे. एका सकाळी चहा, पोळी, भाजी, वरण-भात एवढ्याला मी १९ वेळा वाकलो. मोजलंय. त्या दिवशी ठरवलं की जागा वाढली नाही तरी चालेल, वाकणं कमी झालं पाहिजे.

आधी एका मोठ्या शोरूमला जाऊन आलो. एसी, कॉफी, टीव्हीवर आमच्याच स्वयंपाकघराचं फिरणारं चित्र. चित्रात ओट्यावर फळांची टोपली होती आणि वर उलटे टांगलेले काचेचे पेले. मी विचारलं, पिठाचा डबा कुठे? मुलगी गोड होती, म्हणाली, "काका, आजकाल सगळे छोटे जार वापरतात." बायको काही बोलली नाही, पण जिन्यात म्हणाली, "तिला सांगा, दहा किलोचं दळण जारमध्ये भरायला तू ये." भाव होता ४,१५,००० आणि वर चिमणी फुकट.

गल्लीतला ट्रॉलीवाला आला तो चपला काढून थेट आत, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "सिलिंडर कुठे ठेवता? दुसरा भरलेला कुठे असतो? पाण्याचा हंडा भरता की फिल्टर?" तिथेच मी त्याला निम्मं काम देऊन टाकलं होतं.

आता मुख्य निर्णय. ओट्याखाली दोन पद्धतींनी साठवण करता येते. एक म्हणजे शोरूमवाली: प्लायचे किंवा कसल्याशा बोर्डाचे खोके बनवून आणायचे, ओळीने लावायचे आणि वर दगड ठेवायचा. दुसरी आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली: मिस्त्रीने उभे कडप्पे बसवायचे, त्यांवर ओटा, आणि कडप्प्यांच्या मधल्या खणांत स्टीलच्या ट्रॉल्या सरकवून पुढे फक्त दारं लावायची. पहिली दिसायला सरळ, काटकोनात येते आणि घर सोडताना उचलून नेता येते. दुसरीत पाणी कुठेही गळलं तरी दगडाला त्याचं सोयरसुतक नसतं, वाळवीला खायला काही नसतं. आमच्या इमारतीत वाळवी तळमजल्यापर्यंत येऊन गेली आहे, आम्ही पहिल्या मजल्यावर. मी कडप्पा घेतला. पण त्याची एक अट असते, ती पुढे सांगतो, कारण तिथेच माझं नाक कापलं गेलं.

दगडासाठी कात्रज-कोंढवा रस्त्यावर दोन रविवार गेले. तिथे ग्रॅनाइट-मार्बलची दुकानं रांगेने आहेत, आणि प्रत्येकात तोच काळा दगड वेगळ्या नावाने. दुकानदार तुकडे फुकट देतात, फक्त मागायची लाज वाटता कामा नये. मी सात तुकडे आणले: दोन प्रकारचे काळे ग्रॅनाइट, चांदीसारखे ठिपके असलेलं ब्लॅक गॅलक्सी, एक करडं ग्रॅनाइट, एक पांढरं क्वार्ट्ज, एक पॉलिश केलेला कडप्पा आणि एक गुलाबीसर राजस्थानी ग्रॅनाइट. ड्राय बाल्कनीत ओळीने मांडले. प्रत्येकावर हळदीचं तेल, लिंबाची फोड, चहाचा कप आणि रात्रभर तसंच.

सकाळी कडप्प्यावर लिंबाच्या जागी चकाकी गायब, फिकट पांढरा गोल उमटलेला. तो चुनखडीचा दगड, आंबटाशी त्याचं जमत नाही. आमच्या जुन्या ओट्यावर शेगडीशेजारी ३० वर्षांचे असे नकाशे होते, तेव्हा नवल वाटलं नाही. पांढऱ्या क्वार्ट्जवर हळदीची पिवळी झाक राहिली. साबणाने गेली नाही, पण दोन दिवस उन्हात ठेवल्यावर फिकट झाली. आता ओटा काही उन्हात नेता येत नाही. करड्या ग्रॅनाइटने तेल पिऊन एक गडद डाग धरला. क्वार्ट्ज म्हणजे दगडाची पूड बहुतांशी, पण तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ राळेसारखा, प्लास्टिकच्या जातीचा. म्हणून शेगडीवरून उतरवलेला तवा मी त्यावर थेट ठेवून पाहिला. धुरकट कडं उमटलं. ज्यांच्याकडे तवा नेहमी जाळीवर किंवा चुंबळीवर ठेवतात त्यांनी क्वार्ट्ज जरूर घ्यावं, दिसायला देखणं आहे. आमच्याकडे फोन वाजला की तवा कुठेही ठेवला जातो.

काळ्या दोन तुकड्यांतला एक स्वस्त होता. मुलीचं नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेऊन चोळलं, कापूस काळा. रंगवलेला दगड. दुसऱ्यावर कापूस पांढराच राहिला, तो घेतला. ब्लॅक गॅलक्सी मनात भरलं होतं. आंध्रात ओंगोलजवळच्या चीमकुर्तीच्या खाणींतला दगड तो, आणि रात्री दिव्याखाली खरंच आभाळ दिसतं. पण चौरस फुटाला जवळजवळ दुप्पट भाव. आभाळ बाल्कनीतून दिसतं, असं म्हणून पुढे सरकलो.

व्हर्नियरचा किस्सा इथलाच. दुकानात १८ एमएम म्हणून सांगितलेली लादी मी कडेला मोजली, १६.२ आली. मालक हसला, "काका, पॉलिशमध्ये जातं ना तेवढं." पॉलिशमध्ये पावणेदोन एमएम जात असेल तर आमच्या बसा ओटे पुसत पुसत विरघळल्या असत्या. त्याने न चिडता मागची लादी काढली, ती १७.८ भरली. भाव तोच, २२० रुपये फूट. मोजलं म्हणून मिळाली. ओटा भरतो २६ चौरस फूट, बिल ३४ फुटांचं, कारण कापताना वाया जाणारं आपल्याच खात्यावर. हे आधी विचारून ठेवा, नाहीतर बिल बघून भांडण होतं. कडेला दोन लाद्या जोडून अर्धगोल मोल्डिंग केलं, त्याचे फुटाला वेगळे पैसे. आणि एक न दिसणारी गोष्ट आवर्जून करून घेतली: पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला कटरने एक बारीक खाच. ओट्यावरून ओघळलेलं पाणी खालून आत न जाता त्या खाचेशी थांबून टपकतं. बसच्या छतालाही आम्ही तसंच करायचो. २० रुपयांचं काम, पण दारं फुगणं निम्म्यावर येतं.

आता उंची. "काका, स्टँडर्ड ३४ इंच असतं," असं मला चार माणसांनी सांगितलं. स्टँडर्ड कुणाचं? बायको पाच फूट. मी तिला डायनिंग टेबलाशी उभं केलं, पोळपाटाखाली रद्दी रचत गेलो आणि पोळ्या लाटायला लावल्या. खांदे वर उचलले जायला लागले की एक पेपर कमी. मोजलं तेव्हा साडेएकतीस आलं. वर शेगडीची चार इंच उंची येतेच हेही लक्षात घ्या. ३४च्या ओट्यावर मोठा कुकर चढला की आत काय शिजतंय ते बघायला तिला टाचा उंचवाव्या लागायच्या. पण भांडी घासतो मी, आणि मी आहे पाच फूट आठ. सिंकचा तळ ओट्याच्या खाली असतो, म्हणजे साडेएकतीसला माझी पाठ गेली. म्हणून एल आकाराचा लांब हात साडेएकतीस, आणि सिंकचा आखूड हात ३४. मधे अडीच इंचांची पायरी. मिस्त्री म्हणाला, विचित्र दिसेल. दिसतं. शेजारच्या वहिनी दर वेळी त्या पायरीवरून हात फिरवून बघतात. पण अख्ख्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान देणारी गोष्ट तीच, आणि तिला जादा खर्च आला तो एका दगडी पट्टीचा.

ट्रॉल्या ठरवण्याआधी मी डबे मोजले. घरातला प्रत्येक डबा, व्यास आणि उंची, वहीत. ट्रॉलीवाले खणाची मापं काढतात आणि मग त्यात आपले डबे कोंबायला सांगतात. आपण उलटं करायचं. पिठाचा डबा १२ इंच उंच, म्हणून सगळ्यात खालची ट्रॉली खोल. ताटं उभी राहणारी एक, वाट्या-पेल्यांची एक, पोळपाट-लाटणं, उलथनं, झारे यांची उथळ एक शेगडीच्या बरोबर खाली. मिसळणाच्या डब्याला त्याच उथळ ट्रॉलीत डाव्या हाताची जागा, कारण बायको डावखुरी. एकूण आठ ट्रॉल्या, दारांसकट ८४,००० रुपये.

स्टीलबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, इथे सर्रास फसवाफसवी चालते. दुकानात गेलात की तो खिशातून लोहचुंबक काढतो, जाळीला लावतो, चिकटत नाही, "बघा, ३०४ आहे." चुंबक न चिकटण्याने फक्त एवढं कळतं की ते अगदी हलक्या प्रतीचं, चिकटणारं स्टील नाही. २०२ नंबरचंही चुंबकाला चिकटत नाही. ३०४ मध्ये क्रोमियम साधारण १८ टक्के आणि निकेल आठ. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज घालतात. नवं असताना दोन्ही सारखंच चमकतं. सिंकखाली ओल, मीठ, चिंचेचं पाणी लागलं की २०२चं स्टील वर्षभरात तांबूस ठिपके धरतं. ओळखायला चाचणीचं द्रावण मिळतं: थेंब टाकायचा, नऊ व्होल्टच्या बॅटरीने क्षणभर करंट द्यायचा, थेंब लाल झाला तर २०२, पिवळसर राहिला तर ३०४. मी बाटली घेऊन दुकानात गेलो. मालकाने आधी माझ्याकडे, मग बाटलीकडे बघितलं आणि पोराला म्हणाला, "वरच्या रॅकवरच्या काढ रे." खालच्या रॅकवर काय होतं ते मी विचारलं नाही. ही काही कडू गोष्ट धरत नाही, धंदा आहे.

दारांसाठी प्लाय घेतला, आयएस ७१० शिक्क्याचा, उकळत्या पाण्याला दाद न देणारा. त्या मानकात ७२ तास उकळायची परीक्षा असते. मी टिंबर मार्केटातून दोन दुकानांचे तुकडे आणून जुन्या पातेल्यात आठच तास उकळले. एकाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले, त्यावरही शिक्का होताच. दुसरा टिकला. घरभर डिंकासारखा वास सुटला आणि रात्री मला बाहेरून वडापाव आणून खावा लागला, कारण आमच्याकडे त्या दिवशी स्वयंपाक झालाच नाही, आणि का झाला नाही ते मला विचारायची हिंमत नव्हती.

आता कडू.

पहिली गोष्ट ओळंब्याची. ट्रॉली सरकते ती दोन बाजूंच्या बेअरिंगच्या चॅनलवर. प्रत्येक बाजूला बरोबर अर्धा इंच जागा लागते, त्यात एखादा एमएम इकडेतिकडे चालतो, त्याहून जास्त नाही. म्हणजे उभे कडप्पे ओळंब्यात आणि एकमेकांना समांतर पाहिजेत. हीच ती अट. ट्रॉलीवाल्याचा मिस्त्री कडप्पे बसवत होता त्या दिवशी मी नेमका पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो. परत येईपर्यंत वर ग्रॅनाइट चढलेलं. आठवड्याने फिटर ट्रॉल्या लावायला आला आणि तिसरी ट्रॉली अर्ध्यावर अडली. गुण्या लावला, पुढून मागे जाताना खण ७ एमएमने अरुंद होत होता. फिटरने काय करावं? पुढच्या टोकाला चॅनलमागे सनमायकाचे तुकडे कोंबले. ट्रॉली सरकली, पण आवाज असा, जणू घाटात एसटीची खिडकी. मी म्हणालो, काढा. तो म्हणाला, "काका, वापरून वापरून रुळतं." पत्रा रुळत नाही, झिजतो.

दोन दिवस फोन उचलला नाही त्याने. मग मालक स्वतः आला, गुण्या माझ्याच हातातून घेतला, मोजलं, आणि त्याच्या मिस्त्रीला फोनवर जे बोलला ते मी इथे लिहू शकत नाही. दगड उचलायचा म्हणजे नवा ओटा फुटायचा धोका; ग्रॅनाइटचा चौरस फूट साडेचार किलोच्या आसपास भरतो, आणि सिंकशी कापलेल्या जागी तो काडेपेटीसारखा मोडतो. शेवटी त्या खणात कडप्प्याला सागाच्या पट्ट्या ठोकून, त्या रंध्याने उतरत्या तासून चॅनल समांतर केले. चांगलं काम झालं, पण त्या खणातली ट्रॉली पाऊण इंच अरुंद बनवून आणावी लागली. पैसे त्याने घेतले नाहीत. वेळ मात्र आमचा गेला: १२ दिवसांचं काम ३१ दिवस चाललं. त्यातले बरेच दिवस शेगडी हॉलमध्ये स्टुलावर होती आणि समोरच्या वहिनींकडून डबे येत होते. त्यांचं मसालेभाताचं प्रमाण बायकोने त्याच काळात चोरलं.

दुसरी गोष्ट सरळ लबाडीची. कोटेशनमध्ये ४५ किलोचे चॅनल लिहिले होते. धान्याच्या ट्रॉलीत १५ किलोचे तीन तेलाचे डबे ठेवून ती पूर्ण बाहेर ओढली, आणि पुढचं टोक दोन बोटं झुकलं. चॅनल काढून बघितला तर त्यावर ३५ छापलेलं. बोलावलं, दाखवलं. "चुकून आले," म्हणाला. आठही ट्रॉल्यांना चुकून? बदलून दिले, पण मी बघितलं नसतं तर? दार लागलं की चॅनल कुणी बघत नाही, आणि पाच वर्षांनी ट्रॉली खाली घासायला लागली की आपण म्हणतो, फार भरलं आपणच. तुमच्याकडे काम होईल तेव्हा खाली वाकून, ज्याचे गुडघे धड असतील त्याने, चॅनलवरचा आकडा वाचा.

माझ्या स्वतःच्या चुका वेगळ्या. शेगडीशेजारी सहा इंचांची तेलाच्या बाटल्यांची उभी ट्रॉली घेतली, चित्रात छान दिसते म्हणून. ओढली की बाटल्या डुलतात, तळाला तेलाचा थर, आणि पुसायला हात जात नाही. आता त्यात ट्रे, जुनी कॅलेंडरं आणि केळीच्या पानांसारखी स्टीलची ताटं आहेत. दारांना चकचकीत हस्तिदंती लॅमिनेट घेतलं. प्रत्येक बोटाचा ठसा पोलिसांना उपयोगी पडेल इतका स्पष्ट. आणि वरच्या कपाटांना वर उघडणारी दारं. उघडल्यावर दार जातं साडेसहा फुटांवर, आणि पाच फुटांची माणूस ते खाली ओढणार कसं? मी साडेएकतीस इंचांसाठी चार जणांशी भांडलो आणि इथे विसरलो. आता दाराला एक नाडी बांधली आहे. पडद्याच्या कापडाचीच, फुलाफुलांची.

कोपऱ्यासाठी फिरून बाहेर येणारी जाळी घ्या असा आग्रह होता, २८,००० रुपये. घेतली नाही. कोपरा तसाच अंधारा ठेवला आणि त्यात तांब्याची घागर, मोठं पातेलं, पुरणयंत्र, मोदकपात्र असं वर्षातून दोनदा लागणारं सगळं. गौरींच्या आदल्या दिवशी मी आडवा होऊन आत शिरतो, दुसऱ्या आठवड्यात परत शिरतो. २८,००० वाचले.

सिलिंडरच्या खणाला दार आहे, पण खालच्या अंगाला जाळी. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. वरच्या बाजूला नक्षीची भोकं पाडून देतात ती एकटी पुरत नाहीत. मिक्सरला वेगळा मोठा प्लग ओट्याच्या मागच्या भिंतीत, सिंकपासून दूर. नळ-वीज-फरशी यात सांगण्यासारखं काही नाही, झालं वेळेवर. सगळं मिळून १,९१,००० रुपये, जीएसटी आणि राडारोडा उचलायचे अडीच हजार धरून.

पावसाळ्यात काय झालं? सिंकखालचं दार खालच्या कडेला अगदी नखभर फुगलं, तिथे कडेची पट्टी नीट चिकटलेली नव्हती. बाकी सगळं जसंच्या तसं. जाळ्यांवर एकही तांबूस ठिपका नाही. काळ्या ओट्यावर पाण्याचे पांढरे डाग दिसतात, रोज कोरड्या फडक्याने पुसावा लागतो, हे कुणी आधी सांगत नाही. वाकणं मी परत मोजलं. त्याच स्वयंपाकाला चार वेळा, आणि त्यातलं एक कचऱ्याच्या डब्यासाठी.

भिंतीवरची स्टीलची मांडणी मात्र मी भंगारात काढली होती. भंगारवाला जिन्यात असताना बायकोने ती परत वर आणवली आणि ड्राय बाल्कनीत ठोकून घेतली. ताटांच्या ट्रॉलीला मी इतकी मापं काढली, पण रोजची चार ताटं आणि आठ वाट्या धुतल्या की ओल्याच मांडणीत जातात, तिथेच वाळतात आणि तिथूनच जेवायला येतात. ट्रॉलीतली ताटं पाहुण्यांची.

याच माणसाला परत काम देईन का? देईन, पण कडप्पे बसवायच्या दिवशी बँकेत जाणार नाही. चूक दाखवली की तो वाद घालत नाही, माप घेतो. हे मी वर्कशॉपातसुद्धा फार थोड्यांमध्ये पाहिलं. सिंकखालचं फुगलेलं दार बदलून द्यायचं त्याने कबूल केलंय, पैसे न घेता. "मंगळवारी येतो काका," म्हणाला. असे तीन मंगळवार झाले.